आपल्या संकेतस्थळाचे बिऱ्हाड हलवताना



२०२४ च्या जून महिन्यात एका शनिवारी आपल्या शाळेचे संकेतस्थळ दोन तास बंद होते. पुष्कळांच्या ते लक्षातही आले नसेल. ज्यांच्या लक्षात आले त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर विचारले, "काय हो, काल साइट का बंद होती?" तेव्हा आम्ही "जरा सामान हलवत होतो" एवढे सांगून वेळ मारून नेली. खरे म्हणजे त्या दोन तासांमागे चार महिन्यांची तयारी होती. त्यात आमच्या हातून चुका झाल्या, आणि मुलांच्या काही लेखांची शीर्षके कित्येक वर्षे अर्धवट कापलेली होती हेही त्यातूनच उघड झाले. ही सगळी हकीकत मुलांनाही समजेल अशी लिहा, असे संपादकांनी सांगितले म्हणून हा प्रपंच. आम्ही म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटरचे काम पाहणारे तिघे पालक.

वाढपी आणि मुकादम

सर्व्हर म्हणजे वाढपी. तुम्ही घरी बसून शाळेचे पान मागता, तेव्हा कुठेतरी दूर एका थंड खोलीत ठेवलेला कॉम्प्युटर ते पान शोधतो आणि तुमच्या पानात वाढतो. हा वाढपी रात्रंदिवस उभा असतो. आपल्याकडे असे दोन सर्व्हर आहेत, दोन्ही भाड्याचे. एक पाने आणि चित्रे वाढतो. दुसऱ्याकडे मोठी नोंदवही आहे, तिला डेटाबेस म्हणतात. तुमचे निबंध, कविता, आजी-आजोबांच्या आठवणी, ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी, सगळे त्या वहीत असते. आपल्या शाळेबरोबर शेजारच्या दोन मराठी वर्गांची आणि एका मंडळाची संकेतस्थळेही आपण याच दोन सर्व्हरांवर ठेवतो.

वाढप्याच्या मागे एक मुकादम लागतो. कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणती फाईल कोणी उघडायची, एकाच वेळी दहाजणांनी मागणी केली तर आधी कोणाची पुरवायची, हे तो ठरवतो. या मुकादमाला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपला मुकादम होता सेंट-ओएस ७.

त्याचे घराणे थोडक्यात सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्सचे काम सुरू केले आणि ते सर्वांना पाहायला व सुधारायला खुले ठेवले. पुढे रेड हॅट या कंपनीने लिनक्सची एक भक्कम आवृत्ती तयार करून, तिच्या देखभालीचे पैसे घेऊन, ती मोठ्या कंपन्यांना पुरवायला सुरुवात केली. मूळ मजकूर खुला असल्यामुळे काही स्वयंसेवकांनी २००४ मध्ये त्यातून कंपनीचे नाव व चिन्ह काढून तीच गोष्ट फुकट उपलब्ध केली. तिचे नाव सेंट-ओएस. आपल्यासारख्या, हळदीकुंकवाच्या वर्गणीतून चालणाऱ्या संस्थांना ते वरदानच होते. सातवी आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली. तिची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपणार, हे आधीच जाहीर झाले होते.

"चालतंय ना? मग कशाला हात लावता?"

हा प्रश्न पालक समितीच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्त होता. १ जुलैच्या सकाळी आपला सर्व्हर बंद पडणार नव्हता. पाने उघडली असती, चित्रे दिसली असती. मग घाई कसली?

असे समजा की तुमच्या दाराला एका विशिष्ट कंपनीचे कुलूप आहे. त्या कुलपात दर महिन्याला कोणाला ना कोणाला एखादा दोष सापडतो. दोष सापडला की कंपनी तो दुरुस्त करते आणि कोणता दोष होता तेही जाहीर करते. ज्यांच्याकडे दुरुस्ती पोहोचते ते सुरक्षित राहतात. पण आपले कुलूप दहा वर्षांचे झाले आणि कंपनीने त्याची दुरुस्ती थांबवली, तर? नव्या कुलपांसाठी जाहीर झालेली माहिती चोरही वाचतात. तोच दोष जुन्या कुलपातही असण्याचा संभव असतो, आणि तिथे तो कधीच बुजणार नसतो. म्हणजे जुने कुलूप जागच्या जागी असते, पण दर महिन्याला ते उघडायच्या युक्त्या वाढत जातात.

"आपल्याकडे चोरण्यासारखे आहे काय?" हा पुढचा प्रश्न आला. आपल्याकडे मुलांची नावे आहेत, पालकांचे फोन नंबर आणि पत्ते आहेत. शिवाय चोराला सामानच हवे असते असे नाही. पुष्कळदा त्याला आपला कॉम्प्युटरच हवा असतो, दुसऱ्यांना फसव्या चिठ्ठ्या पाठवायला. मग तशा चिठ्ठ्या आपल्या शाळेच्या नावाने गेल्या असत्या. हे सांगितल्यावर समितीने मान्यता दिली. खजिनदारांनी फक्त "दुप्पट भाडे किती दिवस?" एवढे विचारून घेतले.

सातवीनंतर आठवी का नाही?

मुलांना हा प्रश्न नक्की पडेल. सेंट-ओएसची आठवी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली होती आणि ती २०२९ पर्यंत चालेल अशी सर्वांची समजूत होती. पण ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. त्या वेळेपर्यंत सेंट-ओएस हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली गेलेला होता, आणि त्यांनी पुढे सेंट-ओएस स्ट्रीम या वेगळ्या प्रकारच्या आवृत्तीवर भर द्यायचे ठरवले. अशा रीतीने धाकटी आधी गेली आणि थोरली तिच्यानंतर अडीच वर्षे काम करत राहिली.

ज्यांनी उत्साहाने आठवी घेतली होती त्यांची मोठी धावपळ झाली. त्यातून दोन नवी घराणी उभी राहिली. एक अल्मालिनक्स, मार्च २०२१ मध्ये आलेली. 'अल्मा' म्हणजे स्पॅनिश भाषेत आत्मा. दुसरी रॉकी लिनक्स, जून २०२१ मधली. सेंट-ओएसच्या संस्थापकांपैकी रॉकी मॅगॉ हे हयात नव्हते, त्यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव दिले गेले. दोन्ही चांगल्या आहेत. आम्ही अल्मालिनक्सची नववी आवृत्ती निवडली, कारण आमच्यापैकी एकाला तिची ऑफिसात सवय होती आणि तिला सुरक्षिततेच्या दुरुस्त्या २०३२ पर्यंत मिळणार आहेत.

दोन रस्ते

घर नवे करायचे तर दोन मार्ग असतात. राहत्या घरातच भिंती पाडून बांधकाम करायचे, किंवा शेजारी नवे घर भाड्याने घेऊन सामान हलवायचे. सर्व्हरचेही तसेच आहे. जागच्या जागी सातव्यावरून आठव्यावर आणि आठव्यावरून नवव्यावर चढवणारे एलिव्हेट नावाचे साधन अल्मालिनक्सच्या लोकांनी तयार केलेले आहे. ते उपयोगी आहे, पण मध्येच अडकले तर ना जुने घर ना नवे. आम्ही दुसरा मार्ग घेतला. नवे दोन सर्व्हर भाड्याने घेतले, जुने तसेच चालू ठेवले आणि ठरवले की नव्या घरात दोन आठवडे सुखाने राहिल्याशिवाय जुन्याची किल्ली परत करायची नाही.

मग यादी केली. घर हलवताना माळ्यावरचे सामान हमखास विसरते, तसेच इथेही होते. दिसणारी पाने सगळ्यांना आठवतात. न दिसणारी कामे कोणाला आठवत नाहीत. उदाहरणार्थ, रोज पहाटे नोंदवहीची एक प्रत काढून ठेवली जात होती. ते काम एका अशा पालकांच्या खात्यातून चालत होते, ज्यांची मुले मोठी झाली आणि जे टेक्ससला राहायला गेले. ते खाते आम्ही जुने समजून सोडून दिले असते तर प्रत काढणे बंद पडले असते आणि कोणाला कळलेही नसते. दुसरे म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दाखवणारे प्रमाणपत्र. आपले लेट्स एन्क्रिप्टचे, ९० दिवसांचे होते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होत असे. तेही आपोआप होणाऱ्या कामांच्या यादीत आले.

पानांमागचा प्रोग्रामही जुना होता. सेंट-ओएस ७ बरोबर पीएचपी या भाषेची ५.४ ही आवृत्ती येत असे. नोंदवहीशी बोलण्याची तिची जुनी पद्धत २०१५ साली आलेल्या ७.० मध्ये काढून टाकली गेली. नव्या सर्व्हरवर आठव्या पिढीतले पीएचपी होते, त्यामुळे त्याला आपल्या जुन्या प्रोग्रामचे बोलणेच कळेना. तो भाग आम्ही मार्च आणि एप्रिलच्या रात्री, मुले झोपल्यावर, पुन्हा लिहून काढला.

"काका, माझं नाव कुठे गेलं?"

मे महिन्यात रंगीत तालीम केली. सगळे सामान नव्या घरात मांडले. पाने उघडतात का, पाहिले. नोंदींची संख्या जुळते का, पाहिले. फाईलींचे आकार जुळतात का, तेही पाहिले. सगळे जुळले. आम्ही खुशीत होतो.

रविवारी वर्ग सुटल्यावर लॅपटॉप घेऊन चहाच्या टेबलापाशी बसलो आणि मुलांना म्हटले, "आपापला लेख शोधा." दोन मिनिटांत तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे माझं नाहीये. माझं नाव कुठे गेलं?"

तिच्या नावाचे पहिले अक्षर म. त्या जागी पडद्यावर तीन चिन्हे होती: डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी छोटे 'ए', चार शिंगे फुटलेले गोल, आणि वर्तुळातला 'आर'. सगळे लेख तसेच दिसत होते. आम्ही पाहिले होते ते मुखपृष्ठ आणि याद्या. त्यातला बराचसा मजकूर प्रोग्राममधून येत होता, म्हणून तो नीट दिसला. मुलांचे लिखाण आम्ही मोजले होते, वाचले नव्हते.

हे का झाले ते समजण्यासारखे आहे. कॉम्प्युटरला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. युनिकोड या पद्धतीत जगातल्या बहुतेक लिप्यांतल्या प्रत्येक खुणेला एक क्रमांक आहे. तो क्रमांक साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते आणि देवनागरी खुणेला तीन. काना, मात्रा, वेलांटी यांनाही स्वतंत्र खूण असते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशा पाच खुणा आहेत, म्हणून तो पंधरा बाइट घेतो.

आपल्या नोंदवहीवर २०१४ साली एक चुकीची चिठ्ठी लागली होती. तिच्यात लिहिले होते की यातला मजकूर पश्चिम युरोपातल्या भाषांचा आहे आणि प्रत्येक बाइट म्हणजे एक पूर्ण अक्षर. जुना प्रोग्राम ती चिठ्ठी न वाचता मराठीचे तीन बाइट आत ठेवत असे आणि तसेच बाहेर काढत असे. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि दहा वर्षे सगळे ठीक दिसत होते. आम्ही नवा प्रोग्राम नीट लिहिला, त्याने युनिकोडमध्ये मजकूर मागितला. मग नोंदवहीने प्रामाणिकपणे चिठ्ठी वाचली, 'म'चे तीन बाइट म्हणजे तीन युरोपी अक्षरे असे समजून त्यांचे भाषांतर केले आणि आमच्या हाती दिले.

सुदैवाने मूळ बाइट शाबूत होते. उपाय असा, की सामानाला हात न लावता फक्त चिठ्ठी बदलायची. बाइट जसेच्या तसे, काहीही भाषांतर न करता बाहेर काढायचे आणि योग्य चिठ्ठी असलेल्या नव्या वहीत ठेवायचे. आम्ही तसे करायला घेतले आणि तिथे दुसरा धक्का बसला.

कापलेली शीर्षके

नवी वही एका ठिकाणी अडून बसली. "हा मजकूर अपुरा आहे, मी घेणार नाही," अशा अर्थाचा निरोप आला. उघडून पाहिले तर एका मुलाच्या लेखाचे शीर्षक असे होते: 'माझ्या आजोबांच्या गावची जत्रा आणि आम', आणि पुढे एक फुटकी खूण. पूर्ण शीर्षक होते 'माझ्या आजोबांच्या गावची जत्रा आणि आम्ही खाल्लेली जिलेबी'. हिंदी जाणणाऱ्या वाचकांना इतकी वर्षे वाटत असेल की जत्रेत आंबे होते!

शीर्षकासाठी शंभर अक्षरांची जागा ठेवलेली होती. पण चुकीच्या चिठ्ठीमुळे ती शंभर बाइटांची झाली. मराठीत तेहतीस-पस्तीस खुणांतच ती संपते. जास्त झाले की जुनी वही मुकाट्याने शेपूट कापत असे, कधी कधी एका खुणेच्या मधोमध. नव्या वहीला अर्धी खूण चालत नाही. ती आवाज करते, आणि त्या आवाजामुळेच आम्हाला कळले. शोधून पाहिले तर अशी अकरा शीर्षके निघाली. लेखांच्या मजकुराला ६५,५३५ बाइटांची जागा होती, म्हणून लेख वाचले.

इथे कॉम्प्युटरचा उपाय संपला. जे कधी लिहिलेच गेले नाही ते कोणत्याही प्रतीतून परत येत नाही. तेव्हा आम्ही वर्गाच्या कपाटातला झेरॉक्स अंकांचा गठ्ठा काढला. त्या अंकांत शीर्षके पूर्ण होती. अकरापैकी नऊ तिथे सापडली. दहावे शीर्षक लिहिणाऱ्या मुलीलाच विचारले, ती कॉलेजात आहे, आणि तिला ते पाठ होते. अकरावे अजून अर्धेच आहे.

दोन्ही घरी रात्र कधी असते?

प्रत्यक्ष हलवायला अशी वेळ हवी, जेव्हा कोणी लिहीत-वाचत नसेल. साधारणपणे लोक मध्यरात्र निवडतात. पण इथे न्यू जर्सीत रात्रीचे बारा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात पुण्यात सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि आपल्या पानांचे निष्ठावान वाचक म्हणजे तिथले आजी-आजोबा चहा घेऊन बसलेले असतात. जुन्या सर्व्हरच्या नोंदी पाहून आम्ही शनिवार १५ जून, दुपारी ४ ते ६ ही वेळ ठरवली. तेव्हा तिकडे पहाटेचे दीड ते साडेतीन असतात, आणि इकडे मुले खेळायला गेलेली असतात.

दोन दिवस आधी पत्त्याची तयारी केली. संकेतस्थळाचे नाव आणि सर्व्हरचा क्रमांक यांची जोडी जगभरचे कॉम्प्युटर काही काळ लक्षात ठेवतात. आपल्या नावासाठी तो काळ चोवीस तास होता. तो आम्ही पाच मिनिटांवर आणला, म्हणजे पत्ता बदलल्यावर लोक दिवसभर जुन्या दारावर थापा मारत राहणार नाहीत. शनिवारी चार वाजता नवे लिखाण थांबवले, शेवटची प्रत हलवली, तिघांनी मिळून चाळीस लेख मोठ्याने वाचून पाहिले, आणि पत्ता बदलला. सहाच्या आत सगळे पूर्ववत झाले.

तरी एक चूक राहिलीच. आपल्या नावाने ईमेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरांना आहे, याची एक जाहीर यादी असते. तिच्यात आम्ही नव्या सर्व्हरचा क्रमांक घालायला विसरलो. त्यामुळे पुढच्या सत्राच्या प्रवेशाचे तीन अर्ज चार दिवस कचऱ्याच्या पेटीत जाऊन पडले. एका आईने फोन करून "आमचा अर्ज मिळाला ना?" असे विचारले, म्हणून कळले. तिन्ही मुलांना प्रवेश मिळाला, पण त्या पालकांची आम्ही इथे पुन्हा माफी मागतो. पुढच्या वेळेच्या यादीत ही ओळ सर्वात वर लिहून ठेवली आहे.

जुने सर्व्हर शनिवार २९ जून रोजी, मुदतीच्या एक दिवस आधी, पुसून परत केले.

पुढची खेप

या सगळ्यातून आम्ही एक नियम केला आहे. सामान हलवल्यावर नुसती मोजदाद करायची नाही, ज्यांचे आहे त्यांनाच ते वाचायला द्यायचे. यंत्राने तपासलेले सगळे आकडे बरोबर होते आणि तरीही एकही लेख वाचता येत नव्हता, हे आमच्या तिघांच्या पदव्यांना कळले नाही. ते तिसरीतल्या मुलीला कळले, कारण ती स्वतःचे नाव शोधत होती.

पुढचे बिऱ्हाड २०३२ च्या आत हलवावे लागेल. तोपर्यंत ती मुलगी सोळा वर्षांची झालेली असेल. तिची तयारी असेल तर याद्या आणि किल्ल्या आनंदाने तिच्या हाती देऊ.

पालकांना एक विनंती. अकराव्या लेखाचे शीर्षक 'आमच्या घरच्या गणपतीची आरास आणि' असे सुरू होते आणि पुढे तुटते. तो लेख २०१६ च्या दिवाळी अंकात आला होता आणि कपाटातल्या गठ्ठ्यात नेमका तोच अंक नाही. कोणाच्या तळघरात, खोक्यात, जुन्या वह्यांत तो असेल तर कृपया एक रविवार घेऊन या. आम्ही झेरॉक्स काढून लगेच परत करू.

आणि मुलांनो, तुम्हाला थोडा घरचा अभ्यास. आपले पूर्ण नाव मराठीत लिहा. त्यातली प्रत्येक खूण मोजा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजायचे. जोडाक्षरात पाय मोडण्याचीही एक खूण धरायची, म्हणजे 'क्ष'च्या तीन खुणा होतात. बेरजेला तीनने गुणा, आणि मधल्या प्रत्येक मोकळ्या जागेसाठी एक मिळवा. तुमचे नाव किती बाइटांचे आहे ते पुढच्या रविवारी आम्हाला येऊन सांगा. शंभराच्या वर गेले, तर जुन्या वहीत ते मावले नसते!